घोट्यापर्यंत पाहिलेला माणूस

साक्षीदार क्रमांक एक. पुरुष. वय अठ्ठावन्न. व्यवसाय: पादत्राणांची किरकोळ विक्री, अनुभव बत्तीस वर्षे, संपूर्ण एकाच दुकानात. उंची मध्यम (उभे असताना, कामाच्या वेळी याहून कमी). दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. श्रवणशक्ती उत्तम, गिऱ्हाईक बायकोच्या कानात 'महाग आहे' म्हणाले तरी दोन खुर्च्यांवरून ऐकू येते. व्यसन नाही, पूर्वी कोणताही गुन्हा नाही, आरोपीशी वैर नाही. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची नखे काळी, घटनेपासून. सदर साक्षीदार शपथ घेण्यास पात्र असून त्याने गुन्हेगारास प्रत्यक्ष, दिवसाउजेडी, एका हाताच्या अंतरावरून पाहिले आहे. घोट्यापर्यंत.

दुकानात त्यांना पायाळू म्हणत. वास्तविक त्यांचा जन्म रीतसर डोक्याकडून झाला होता, आणि तशी खात्री त्यांच्या आईनं हयातभर दिली होती. पण सगळं आयुष्य लोकांच्या पायांशी बसून काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? गिऱ्हाइकं काका म्हणत. शहरात त्यांना काका न म्हणणारा माणूस म्हणजे त्यांचा सख्खा पुतण्या. तो अंकल म्हणे.

दुकान लांबट आणि अरुंद, बुटाच्या खोक्यासारखंच. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, मधे चार खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे तिरक्या फळीचं बुटकं स्टूल. भिंतीच्या तळाशी आरसे, तेही गुडघ्यापर्यंतच. ज्याला चेहरा बघायचा असेल त्यानं घरी बघावा, असा मालकांचा हिशोब होता. पायाळूंचं जग त्या आरशांच्या उंचीचं होतं. ते माणसं पायांवरून ओळखत. हे कौतुकानं सांगायची गोष्ट नव्हे. चेहरे त्यांच्या ध्यानात राहत नसत, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यात मेहुणी समोर आली तर ते आधी खाली बघत आणि मग हसत. मेहुणीनं त्याचा वेगळाच अर्थ काढला होता.

गल्ल्यावर ताई बसायच्या. त्या शेवटच्या खुर्चीला लागूनच असलेल्या काउंटरमागे बसत आणि दिवसभर पायाळूंची फिरकी घेत.

"पायाळू, वर बघत जा हो जरा. छत पडलं तरी तुम्ही म्हणाल, सोल निघालाय."

"छत मालकांच्या खात्यात येतं, ताई. माझं खातं फरशीपासून घोट्यापर्यंत."

"आणि मी?"

"तुम्ही सात नंबर. उजवा थोडा रुंद."

"बाई गं! वीस वर्षं शेजारी बसले, त्याचं हे फळ."

धंद्यातला पहिला धडा म्हणजे जोडी ज्या खोक्यातून काढली त्याच खोक्यात परत ठेवायची. गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं, दहा जोड्या जमिनीवर पसरल्या, पुढचं गिऱ्हाईक दारात उभं, अशा वेळी हात चुकतो. चुकला की ती जोडी हरवलीच. खोक्यावर आठ, आत नऊ. नवखा विक्रेता त्या आठवरून गिऱ्हाइकाशी भांडतो आणि वर शपथ घेतो की हा आठच आहे, तुमचा पाय लहान आहे. पायाळूंच्या हातून असं फार वेळा झालं नव्हतं. पण झालंच नव्हतं असंही नाही.

ती दुपारची मरगळलेली वेळ होती. मालक जेवायला गेले होते, दुसरा विक्रेता माळ्यावर माल लावत होता. एक माणूस आला आणि शेवटच्या खुर्चीत बसला. पायाळू नेहमीसारखे स्टुलावर टेकले. आलेल्या माणसानं चपला काढल्या. पाय उघडे, स्वच्छ, नऊ नंबर, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. एवढं बघून पायाळूंनी खोकं काढलं.

"काका, एक नंबर मोठा दाखवा."

दहा काढला. तो सैल होणार हे त्यांना दिसत होतं, पण गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही, घालूनच पटतं. डावा बूट चढवला. लेस बांधायला ते वाकले, उजवा हात फरशीवर टेकला. आणि त्या माणसाचा उघडा उजवा पाय त्या हातावर आला. चुकून येतो तसा नाही. टाच बोटांवर, आणि वर सगळं वजन.

"काका, वर बघू नका."

आवाज तसा अदबीचा होता. बत्तीस वर्षांत पायाळूंना इतकी सोपी सूचना कुणी दिली नव्हती. त्यांनी वर पाहिलं नाही. माणूस उठून काउंटरवर झुकला असावा, कारण टाचेवरचं वजन वाढलं. गल्ल्याचा ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. "अहो, काय करताय? सोडा!" ताई म्हणाल्या. ड्रॉवर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, हे नंतर कळलं. त्यानं ओढला, त्याच्याबरोबर ताई ओढल्या गेल्या, आणि काउंटरच्या लोखंडी कोपऱ्यावर त्यांचं डोकं आपटलं. हा आवाज पायाळूंना ओळखता आला नाही. दुकानात तसा आवाज पूर्वी कधी झाला नव्हता. समोरच्या बुटक्या आरशात त्यांना एक बूट, एक उघडा पाय आणि त्याखाली आपला हात दिसत होता. हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.

मग पाय उचलला गेला. त्या माणसानं दुसरा बूट स्वतःच घातला. जाताना जुन्या चपलाही पिशवीत टाकून नेल्या. माणूस व्यवस्थित होता. दुसरा विक्रेता माळ्यावरून उतरून ओरडेपर्यंत पायाळू तसेच होते, हात फरशीवर, नजर फरशीवर. वर बघू नका म्हणणारा निघून गेला होता. सूचना तेवढी मागे राहिली होती.

ताई हॉस्पिटलात गेल्या आणि परत आल्या नाहीत.

फौजदारांनी विचारलं, चेहरा कसा होता. पायाळूंनी पाय सांगितला. फौजदारांनी पुन्हा चेहरा विचारला. "काका, तुम्ही माणूस बघितलात की बूट?" पायाळूंना याचं खरं उत्तर येत होतं, पण ते देववेना.

त्यानंतर त्यांच्या घरात पाय वाढले. दाराच्या पडद्याखाली पाय दिसायचे. पडदा सारला की नसायचे. मोरीच्या दाराच्या फटीत कुणीतरी उभं असल्यासारखी सावली पडायची. टेबलाखाली जाऊन पडलेला चमचा ते तसाच राहू देत. दुकानातली गोष्ट तर बोलायलाच नको. मांडणीवर ठेवलेल्या प्रत्येक बुटात कुणीतरी उभं होतं, फक्त अजून घोट्याच्या वर आलेलं नव्हतं. सकाळी शटर वर केलं की ते सगळे त्यांच्याकडे टोकं करून वाट बघत असत.

फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. तिनं झोप लागली, पण स्वप्न गेलं नाही. पूर्वी ते स्वप्नातून ओरडून जागे व्हायचे, आता तीही सोय राहिली नाही. एकदा अंथरुणात बायकोचा पाय त्यांच्या हाताला लागला आणि ते भिंतीला जाऊन चिकटले.

"अहो, माझा पाय आहे," बायको म्हणाली. "लग्नापासून हाच आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"माहीत असून उपयोग होत नाही."

बायकोनं त्या दिवसापासून मोजे घालायला सुरुवात केली. उकाडा होता तरी.

महिनाभरानं पोलिसांनी एकाला पकडलं. हा दुकानांना पाण्याचे जार पोचवणारा माणूस. त्या दुपारी त्याची गाडी गल्लीत उभी होती आणि मधला काही वेळ तो कुठं होता हे त्याला सांगता येत नव्हतं. गाडीतच झोपलो होतो म्हणाला. झोपेला साक्षीदार नसतो. त्याचा नंबर नऊ होता. फौजदारांनी ओळख परेड घेतली, आणि साक्षीदारानं जेवढं पाहिलं होतं तेवढंच दाखवायचं ठरलं. सात माणसं पडद्यामागे उभी केली, पडदा नडगीपर्यंत. कायद्यात पायांची तरतूद नव्हती, पण मनाईही नव्हती.

"काका, घाई नाही," फौजदार म्हणाले. "दुकानातच आहे समजा."

हेच पायाळूंनी समजायला नको होतं. पहिल्या पायांशी घशाला कोरड पडली. तिसऱ्याशी हात गार झाले. पाचव्या पायांशी काळ्या नखांत कळ उठली, अंगाला दरदरून घाम फुटला आणि डोळ्यांपुढे फरशी हलली.

"हाच."

"शंभर टक्के?"

"हात सांगतोय."

फौजदारांनी लिहिलं: साक्षीदाराने आरोपीस निःसंशय ओळखले. पाचवा जारवाला होता. ताईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो बाहेर बाकावर बसला होता. त्यानं पायाळूंचे दोन्ही हात धरले. "ती घरी तुमच्या गोष्टी सांगून हसवायची आम्हाला," एवढंच म्हणाला, आणि हात बराच वेळ सोडले नाहीत.

जारवाला आत गेला. पायाळूंना वाटलं, आता तरी पाय कमी होतील. झालं उलटंच. आधी नऊ नंबरचे उघडे पाय होते, मग कुठलेही उघडे पाय झाले, मग मोज्यातले, मग दोरीवर वाळत घातलेले नुसते मोजे. मालकांनी त्यांना माळ्यावर माल लावायला पाठवलं. मालक सज्जन होते. पण पाय न बघणारा पायाळू किती दिवस ठेवायचा, हे त्यांच्या बोलण्यात येऊ लागलं होतं.

एका सकाळी माळ्यावर निरोप आला की एक बाई काकाच पाहिजेत म्हणतात. पायाळू खाली उतरले. शेवटच्या खुर्चीत तिशीतली एक बाई बसली होती. तिनं चप्पल काढून पाय तिरक्या फळीवर ठेवला होता.

"माप घ्या, काका."

पायाळू समोर बसले. पाय लहान, टाचांना भेगा, पाच नंबर. त्यांनी मापाची पट्टी पुढे केली, आणि पट्टी फळीवर टकटक वाजू लागली.

"घाम का आला तुम्हाला?"

"उकडतंय."

"पंखा चालू आहे." बाईनं पाय हलवला नाही. "मी जारवाल्याची बायको. परेडलाही तुम्हाला असाच घाम फुटला म्हणे. माझा पाय बघूनही भीती वाटते का?"

पायाळूंनी पट्टी खाली ठेवली.

"खरं सांगा. तेवढ्यासाठी आलेय. घ्यायचं काही नाही मला."

"वाटते."

"मग मलाही आत टाका की!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मालक काउंटरमागून उठले. "माझ्या पायानंही तुमचा हात दाबला असेल! सात माणसांत उभी करा मला. निःसंशय ओळखाल!"

मालक म्हणाले, "बाई, इथे तमाशा नको." ती उठली, चप्पल घातली आणि दारातून वळून म्हणाली, "काका, तुम्ही वाईट नाही हो. पण माझा माणूस तुमच्या घामावर आत आहे."

पायाळू त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मोठ्या हॉस्पिटलातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसले. बायको बरोबर होती, मोज्यांत.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि रोग्याला समजेल असं बोलायचा त्यांचा आग्रह होता. "काका," त्या म्हणाल्या, "आपल्या मेंदूतल्या पेशींवर ग्राहक असतात."

पायाळूंनी मान हलवली. दुकानात मालकांनी गिऱ्हाईक हा शब्द बंद करून ग्राहक म्हणायला लावलं होतं, तशी पाटीही होती. "किती असतात?"

"अगणित."

"मग बसवता कुठं?"

डॉक्टरीणबाई थांबल्या. "बसत नाहीत, काका. पेशीच्या अंगावरच असतात. आलेला निरोप घेतात, म्हणून ग्राहक."

"म्हणजे घेणारे. नुसते बघायला येणारे नव्हेत."

"घेणारे," डॉक्टरीणबाईंनी सावधपणे कबूल केलं. "माणूस घाबरला की शरीर एक रसायन सोडतं. ते ग्राहकापर्यंत पोचलं की छाती धडधडते, हात गार पडतात. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे. तो त्या क्षणाची आठवण नेहमीपेक्षा घट्ट बसवतो. मी जी गोळी देणार आहे, ती आधीच जाऊन त्या ग्राहकाला चिकटते. करत काही नाही. नुसती जागा अडवते. मग खरं रसायन आलं तरी त्याला जागा मिळत नाही."

पायाळूंच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी समजल्याचा भाव आला. "दुपारी पंख्याखाली बसायला येतात ते," ते बायकोला म्हणाले. "घेत काही नाहीत आणि खुर्ची सोडत नाहीत."

"ऐका आधी," बायको म्हणाली.

"डॉक्टर, एक विचारू? भीती खोटं बोलते का?"

हा प्रश्न पेशंट सहसा विचारत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "खोटं बोलत नाही. पण नेमकं बोलत नाही. ती आधी एका गोष्टीची असते, मग तसल्या गोष्टींची, मग त्या जागेतल्या कशाचीही. ताण जितका जास्त, तितकी ती पसरते. तिला वाचवायचं असतं तुम्हाला, काका. ओळख पटवणं तिचं काम नव्हे."

"आणि आठवण?"

"आठवण बाहेर काढली की काही काळ कच्ची असते, असं दिसतं. परत ठेवली जाताना तिच्यात भर पडू शकते, अदलाबदल होऊ शकते. तुमच्या बाबतीत तसं झालंय, असं मी म्हणत नाही. म्हणू शकत नाही. यावर काम चालू आहे अजून."

"परत ठेवताना," पायाळू म्हणाले.

"हो."

"चुकीच्या खोक्यात."

"कुठलं खोकं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पण पायाळू भिंतीकडे बघत होते. भिंतीवर मेंदूचं चित्र होतं, त्याचे कप्पे वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले.

जारवाला सहा वर्षं एक दिवसाआड दुकानात यायचा. ओल्या चपलांनी फरशी घाण होते म्हणून मालकांनी त्याला त्या दारातच काढायला लावल्या होत्या. जार खांद्यावर असायचा, त्यामुळे चेहरा कधी दिसायचा नाही, दिसला असता तरी राहिला नसता. दिसायचे ते उघडे पाय, शेवटच्या खुर्चीमागून आत जाणारे आणि रिकामा जार घेऊन परत येणारे. नऊ नंबर. अंगठ्याशेजारचं बोट लांब. पायाळूंना तो पाय त्या दुपारच्या आधीपासून माहीत होता, आणि कधी आठवला नव्हता, कारण आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आता हाच का तो, की नुसता ओळखीचा म्हणून या खोक्यात गेलेला? खोकं उघडून बघावं तर प्रत्येक वेळी आत तोच. खोक्यानं स्वतः चूक सांगायची म्हटली तरी कशी सांगणार?

गोळी सुरू झाली. गोळी घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसायचं, ती दुपार पहिल्यापासून सांगायची, मग हॉस्पिटलातल्या एखाद्या नर्सनं समोर पाय ठेवायचा, असा उपचार. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. पायाळूंना आला. मोजे भिववेनासे झाले, मग पाच नंबर, मग सात. ते माळ्यावरून खाली आले. बायकोनं एक दिवस जेवताना मुद्दाम उघडे पाय पुढे केले. पायाळू बघून म्हणाले, "टाचेला तेल लाव." ती आत जाऊन रडली.

एक मात्र झालं. ती दुपार सांगताना ताईंचा आवाज लांबून यायला लागला. "अहो, काय करताय? सोडा!" हे शब्द ते म्हणत, पण कुणीतरी सांगितलेले असल्यासारखे. भीतीला धरून ताईही निघाल्या होत्या. काही गोळ्या ते चुकवत, हे बायकोला डबीतल्या गोळ्या मोजल्यावर कळलं.

"का चुकवली?"

"ताईंचा आवाज ऐकायचा होता."

बायकोनं डबी होती तिथं ठेवून दिली.

खटला उभा राहिला तेव्हा पायाळू सरकारी वकिलांना जाऊन भेटले आणि शंका सांगितली. वकील फाईल चाळत ऐकत होते.

"गोळी बंद करा," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी..."

"डॉक्टर कोर्टात येणार नाहीत. तुम्ही येणार आहात. काका, दुसरा पुरावा नाही आपल्याकडे. चोरीचे बूट सापडले नाहीत, पैसे सापडले नाहीत. तुमची भीती हाच पुरावा. आरोपीचा पाय समोर येईल आणि तुम्ही थरथराल. न्यायाधीशांना कलमांपेक्षा थरथर लवकर कळते."

"साहेब, मी त्याच्या बायकोचा पाय बघूनही थरथरलो."

"ते बोलू नका तिथं."

"विचारलं तर?"

"कोण विचारणार? आणि गोळी घेऊन आलात, शांतपणे 'माहीत नाही' म्हणालात, तर मी म्हणेन साक्षीदार औषधाच्या अमलाखाली आहे. मग तुमचं कुणीच धरणार नाही. ना आमच्या बाजूनं, ना त्याच्या."

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "घाबरून बोललेलं खरं आणि शांतपणे बोललेलं औषध! बरं आहे बाई कोर्टाचं." मग थोड्या वेळानं हळूच: "काय म्हणणार आहात?"

"पाय बघितल्याशिवाय कसं सांगू?"

खटल्याच्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोनं पाण्याचा पेला आणि वाटीत गोळी टेबलावर ठेवली आणि ती तयार व्हायला आत गेली.

कोर्टात मुद्देमाल म्हणून दुकानातलं तिरक्या फळीचं स्टूल आणलं होतं. पहिल्या बाकावर ताईंचा नवरा होता, शेवटच्या बाकावर जारवाल्याची बायको. पंखा बंद होता, त्यामुळे सगळ्यांच्याच कॉलरी भिजलेल्या होत्या. न्यायाधीशांनी परवानगी दिली. आरोपीनं चपला काढून उजवा पाय फळीवर ठेवला. पायाळू समोर खाली बसले. त्यांनी तो पाय दोन्ही हातांत धरला, घट्ट, जसा माप घेताना कुणी धरत नाही.

बाकांवरून दिसत होती ती फक्त त्यांची पाठ.

"साक्षीदार," सरकारी वकील म्हणाले, "हाच तो पाय का?"

पायाळूंनी मान वर केली. आरोपीचा चेहरा, खांद्यावर जार नसलेला, त्यांनी पहिल्यांदा पाहिला. चाळिशीचा माणूस, खालचा ओठ दातांत धरलेला. पायाळू त्याच्याकडे बघतच बोलले.

"हा पाय मी ओळखतो. हा पाण्याचा पाय आहे. एक दिवसाआड माझ्या खुर्चीमागून जायचा. त्या दुपारी माझ्या हातावर होता तो हाच का, ते मला सांगता येत नाही."

बाकांवर कुजबुज झाली. "पोलिसांपुढे तुम्ही निःसंशय ओळखलं होतं," वकील म्हणाले.

"ते भीतीनं ओळखलं. तिला सगळे पाय सारखे."

"म्हणजे हा तो नाही?"

"तसंही मला म्हणता येत नाही, साहेब. असेलही."

वकिलांनी फाईल मिटली. "तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे उपचार घेता?"

"घेतो."

"भीती कमी करणारी गोळी घेता?"

"घेतो."

"तिनं भीती कमी होते?"

"होते."

"आणि आठवण?"

"आठवण राहते. लांबून ऐकू येते."

"एवढंच," वकील म्हणाले आणि खाली बसले. आरोपीच्या वकिलांना काही विचारायचं नव्हतं. फुकट मिळालेलं कोण उलटून बघतो? पायाळू उठले. उठताना त्यांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला. बाहेर पडताना ताईंच्या नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. जारवाल्याच्या बायकोनं पाहिलं. 'असेलही' हा शब्द तिनंही ऐकला होता, आणि तो आता तिच्याबरोबर घरी जाणार होता.

जारवाला सुटला. दुसरा कुणी सापडला नाही. पायाळू अजून त्याच दुकानात आहेत. नऊ नंबर मागणारा माणूस आला की आधी ते त्याच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि तो चेहरा संध्याकाळपर्यंत विसरतात. गल्ल्यावर आता मालक स्वतः बसतात.

निकालपत्रात त्यांच्यावर एक परिच्छेद आहे. साक्षीदार क्रमांक एक याने केलेली पहिली ओळख भयाधारित असल्याने ग्राह्य धरता येत नाही. तसेच त्याची न्यायालयातील साक्ष, तो त्यासमयी भीतिशामक औषधाच्या अमलाखाली असल्याने व त्याचा स्वाभाविक प्रतिसाद त्यामुळे दबलेला असल्याने, विश्वासार्ह मानता येत नाही. सबब दोन्हींचा विचार न करता, अन्य पुराव्याच्या अभावी, आरोपीस संशयाचा फायदा देण्यात येत आहे.

साक्षीच्या दिवशी संध्याकाळी बायकोनं सकाळपासून वाटीत तशीच राहिलेली गोळी परत डबीत टाकली होती.